मिठीच्या पुराचे गणित कोणी मांडावयाचे?

मुंबईच्या मिठी नदीने १९ ऑगस्ट २०२५ रोजी ३.९ मीटरची पातळी गाठली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरातील साडेतीनशेच्या आसपास रहिवाशांना घर सोडून हलावे लागले. क्रांतिनगराला हे नवे नाही. नवे आहे ते एवढेच की, पाणी किती चढणार याचा हिशेब आता संगणक आगाऊ मांडतो. केंद्राचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय व मुंबई महापालिका यांनी १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर्वसूचना यंत्रणा सुरू केली. पावसाचा अंदाज, पर्जन्यमापकांच्या नोंदी, जमिनीचा चढउतार, नाल्यांची वहनक्षमता आणि समुद्राची भरती-ओहोटी यांचा मेळ घालून कोणत्या भागात किती पाणी साचेल हे तीन दिवस आधीपर्यंत सांगणे, हे तिचे काम.

अशा यंत्रणेला विरोध करण्याचे कारण नाही. संगणक म्हटला की कामगारांवर गदा, असे समीकरण पुरोगामी चळवळीत एके काळी रूढ होते. पुराच्या बाबतीत तरी ते बाजूला ठेवले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७३. हवामान खात्याची शहरातील प्रमुख केंद्रे ही दोनच. मधल्या कुर्ला, कलिना, साकीनाक्यावर काय कोसळते आहे हे कोणालाच वेळेवर कळले नाही आणि चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दिवशी कोणी तीन तास आधी जरी सांगितले असते, तरी त्यांतील कित्येक वाचली असती.

परंतु संगणक हिशेब करतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेतल्यावाचून त्याच्या उत्तरापुढे मान तुकविणे धोक्याचे आहे. मिठी विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. नदी कोठे संपते आणि खाडी कोठे सुरू होते हे भरतीगणिक बदलते. गणिती प्रारूपात या पात्राचे ठिकठिकाणी आडवे छेद घेतात. प्रत्येक छेदाची रुंदी, खोली व तळाचा खरबरीतपणा आकड्यांत भरतात. वरून येणारे पाणी आणि खालच्या टोकाची भरतीची पातळी दिली की मधल्या प्रत्येक ठिकाणी पाणी किती चढेल ते निघते. ओहोटीच्या वेळी जो पाऊस निमूटपणे वाहून जातो, तोच भरतीच्या वेळी घरात शिरतो, कारण खाडी त्याला मागे रेटते. २६ जुलैच्या दुपारी भरती ४.४८ मीटरची होती.

आता तो खरबरीतपणाचा आकडा पाहावा. गुळगुळीत काँक्रीटच्या पात्राला तो साधारण ०.०१५ धरतात, झाडोरा, राडारोडा व कचऱ्याने भरलेल्या पात्राला दुप्पट वा त्याहून अधिक. आकडा दुप्पट झाला की, बाकी सारे तेच असता, प्रवाहाचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावर स्वच्छ पात्र धरले तर पूर कागदावर लहान होतो. तळाच्या पातळीचेही तेच. गाळ उपसला असे बिलात लिहिले आणि तो प्रत्यक्षात जागीच राहिला, तर संगणकातील मिठी आणि क्रांतिनगराशेजारची मिठी या दोन वेगळ्या नद्या ठरतात. ही शंका हवेतली नाही. मिठीतील गाळ काढण्याच्या कामांत सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदविला. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. पण उपसलेल्या गाळाच्या नोंदीच संशयास्पद असतील, तर त्यांवर विसंबून केलेल्या गणिताने कोणाचा जीव वाचणार?

याहून मोठा प्रश्न आकड्यांच्याही आधीचा आहे. प्रारूपात काय अचल धरावयाचे आणि काय हलवावयाचे, हे संगणक ठरवीत नाही. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळविले. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी १९७० च्या दशकापासून खाडीकाठच्या दलदलीत भराव पडला आणि पुराचे पाणी पसरण्याची जागा काचेच्या इमारतींखाली गेली. २००५ नंतर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने मिठीचे प्रारूप केले. पात्र रुंद व खोल करण्याचे काम निघाले. काठावरच्या हजारो झोपड्या हटल्या. झोपडी प्रवाहात अडथळा आणते हे खरेच आहे आणि पुराच्या तोंडी माणसाने राहू नये हेही खरे. पण धावपट्टी व संकुल ही निसर्गदत्त टेकडी मानावयाची आणि झोपडी तेवढी अतिक्रमण, ही विभागणी जलशास्त्राच्या कोणत्या नियमात बसते? ती सत्तेची विभागणी आहे. संगणकातून बाहेर पडताना मात्र ती शास्त्राचा शिक्का घेऊन येते.

म्हणून मागणी प्रारूप बंद करण्याची नव्हे, उघडण्याची केली पाहिजे. नदीची गणिते मांडण्याचे ‘हेक-रास’सारखे साधन अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने जगाला फुकट दिले आहे. महाग असते ती मोजमापे, आणि ती जनतेच्याच पैशाने घेतलेली असतात. प्रत्येक छेदाचे माप, धरलेला खरबरीतपणा, धरलेली भरती हे सारे प्रसिद्ध झाले पाहिजे. भरावाची काही जमीन पाण्याला परत दिली तर कुर्ल्यात पातळी किती उतरते, हेही त्याच संगणकाला विचारले गेले पाहिजे. उत्तर ‘फारशी नाही’ असे आले तर तेही कळू द्यावे.

प्रारूप खरे की खोटे याची कसोटी शेवटी जुन्या पुराच्या खुणांवरच लागते आणि त्या खुणा वस्तीतल्या भिंतींवर व वस्तीच्या स्मरणात आहेत. क्रांतिनगर व आसपासच्या कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्याआधी गल्लीनिहाय नोंदवही करावी : २००५ ला पाणी कोठवर आले, २०२५ ला कोठवर, किती वाजता चढले आणि किती वाजता ओसरले. तिची एक प्रत महापालिकेच्या ‘एल’ विभाग कार्यालयात देऊन त्याच गल्ल्यांसमोरच्या छेदांची मापे लेखी मागावीत.