सामुदायिक बागेला हवा जमिनीचा भरवसा

प्रतिनिधी, मुंबई

शहरातील रहिवाशांनी एकत्र येऊन भाजीपाला पिकवायचे ठरविले, तर माती आणि खताची जुळवाजुळव फारशी अवघड नाही. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या बळावर बाग फुलली. माहीमचे निसर्ग उद्यान तर जुन्या कचराभूमीवरच उभे आहे. खरा पेच आहे तो जमिनीवरील हक्काचा.

मोकळे भूखंड देखभालीसाठी खासगी संस्थांकडे सोपविण्याचा मुंबईचा अनुभव कडवट आहे. काही मोक्याच्या जागी क्लब उभे राहिले आणि सामान्यांना दारे बंद झाली. त्यामुळेच जानेवारी २०१६ मध्ये महापालिका सभागृहाने मंजूर केलेल्या दत्तक धोरणाविरुद्ध नागरिकांनी आवाज उठविला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धोरणाला स्थगिती देऊन भूखंड परत घेण्यास सांगितले. हा निर्णय रास्तच होता. मात्र निष्ठेने निगा राखणाऱ्या संस्थांचे भवितव्यही त्यात टांगणीला लागले.

न्यूयॉर्कने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने अनुभवला. तेथे १९७३ मध्ये ओसाड भूखंडावर रहिवाशांनी बाग फुलविली. १९७८ मध्ये पालिकेने अशा बागांसाठी स्वतंत्र योजना आखली. तरीही १९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागांचा लिलाव पुकारला. स्वयंसेवी संस्थांनी त्या विकत घेतल्याने लिलाव टळला. अखेर २००२ मधील समझोत्याने सुमारे ४०० बागांना संरक्षण मिळाले. काही भूखंड घरबांधणीसाठी द्यावे लागले. घर आणि बाग यांतील हा संघर्ष मुंबईत अधिकच तीव्र आहे.

जागेची शाश्वती नसली, की त्याचा परिणाम थेट वाफ्यावर होतो. मेथी महिनाभरात हाती येते; लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. उद्या जागा राहील की नाही, हे ठाऊक नसलेला रहिवासी लिंबू लावत नाही, पाण्याच्या टाकीवर खर्चही करीत नाही. पावसाळ्यात कोणतीही बाग हिरवी दिसते. तिची कसोटी लागते ती त्यानंतरच्या आठ कोरड्या महिन्यांत. तेव्हा पाळीपाळीने पाणी घालणारे हात टिकविणे, हेच सर्वांत कठीण काम असते.

म्हणूनच मालकी पालिकेकडे ठेवून निश्चित मुदतीचा लेखी करार, बांधकामास पूर्ण मज्जाव, सर्वांना खुले फाटक आणि पाण्याची जोडणी, एवढ्या अटी स्पष्ट असायला हव्यात. त्यांच्याअभावी उत्साही रहिवासी कंटाळून निघून जातील आणि मोकळा भूखंड पुन्हा बळकावणाऱ्यांच्या हाती पडेल.