डिसेंबर संपला नाही, तरी पावतीवर २०२६ कसं?

३० डिसेंबरला संध्याकाळी शेजारचे काका मोबाईल घेऊन दारात उभे. "अरे, मेंटेनन्स आज भरला आणि पावतीवर ३०/१२/२०२६? उद्या कमिटीने यंदाचे पैसे बाकी दाखवले तर?"

सोसायटीच्या पावत्यांचा छोटा प्रोग्रॅम मीच लिहून दिला होता. ऑगस्टपासून एकही तक्रार नव्हती, त्यामुळे आधी वाटलं, काकांच्या फोनचीच तारीख बिघडली असेल. फोन बरोबर होता. चूक माझी होती, तीही एका अक्षराची.

नेमकं काय होतं?

कॉम्प्युटरच्या आत वेळ म्हणजे बहुतेक वेळा नुसता एक आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले. तो आकडा माणसाला वाचता यावा म्हणून प्रोग्रॅमर एक साचा देतो. जावा, कोटलिन, स्विफ्टमध्ये त्या साच्यात वर्षासाठी इंग्रजी 'वाय' लिहितात. स्मॉल वाय म्हणजे आपलं कॅलेंडरचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे 'आठवड्याचं वर्ष'. मी कॅपिटल लिहिला होता.

आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो, तो अख्खा आठवडा त्या वर्षाचा. १ जानेवारी २०२६ ला गुरुवार आहे. म्हणून २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२५ या हिशेबात २०२६ मध्ये जातात. 'यंदाचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा' असं मोजायला हे सोयीचं आहे. पावतीवर मात्र घोळ होतो.

मोठ्यांचंही हेच झालंय

२९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या, म्हणजे आताच्या एक्सच्या, सर्व्हरने वर्ष २०१५ सांगायला सुरुवात केली. अँड्रॉइडवरचे अनेक जण अचानक लॉगआउट झाले आणि काही तास त्यांना परत शिरता येईना. तिथेही आठवड्याचं वर्षच आडवं आलं होतं.

ही चूक सापडत का नाही? कारण वर्षातले जवळजवळ सगळे दिवस उत्तर बरोबर येतं. मी टेस्टिंग ऑगस्टमध्ये केलं, सगळं पास! वर्ष बदलायच्या आसपासच्या तारखा टाकून बघितल्याच नाहीत.

पुढची परीक्षा

१ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे. आयएसओच्या नियमाने १ ते ३ जानेवारी हे दिवस २०२६ मध्येच राहतील, म्हणजे या वेळी चूक उलटी. अमेरिकन सेटिंगमध्ये आठवडा रविवारपासून धरतात, तिथे हाच कोड २७ डिसेंबर २०२६ पासूनच २०२७ दाखवेल. कोड एकच, फोन दोन, आणि चुका दोन तऱ्हेच्या.

कोड लिहीत असाल तर आजच कॅपिटल वाय शोधा, आणि २७ डिसेंबर ते ३ जानेवारी प्रत्येक तारीख टाकून बघा. लिहीत नसाल तर या आठवड्यातली पावती, तिकीट, रिचार्ज यांवरचं वर्ष एकदा वाचा. चुकलं असेल तर लगेच स्क्रीनशॉट काढून कळवा.

काकांना मी नवी पावती दिली. त्यांनी चष्मा लावून आधी वर्ष वाचलं, मगच चहाला हो म्हणाले.