‘ल मां’ : चुरस यादीपासूनच!

फ्रान्समधील ‘ल मां’ची २४ तासांची मोटारशर्यत जूनमध्ये होते, पण उत्सुकता ताणली जाते ती प्रवेशयादीपासूनच. जागा फक्त ६२. नुसते पैसे भरून भागत नाही. आयोजक क्लबची निवड समिती मोटारी ठरवते. काही संघ राखीव यादीत, कुणाच्या तरी माघारीची वाट पाहत बसतात.

वर्ग तीन : हायपरकार, एलएमपी२ आणि एलएमजीटी३. प्रत्येक मोटारीला साधारणपणे तीन चालक. एलएमजीटी३मध्ये हौशी चालक सक्तीचा.

२०१२मध्ये इथे उतरणारा पहिला भारतीय करुण चंडोक सहावा आला, तोही खासगी संघाच्या मोटारीतून. बड्या कंपन्यांच्या गर्दीत अशा संघांची दारे बंद होऊ नयेत. म्हणूनच यादीत फक्त फेरारी-टोयोटा शोधू नका. छोटी नावेही वाचा.