काही घडलं नाही, ते कुणामुळे?

परवा आमच्या महिला मंडळात नौदलाच्या ‘आयएल-३८’ विमानांचा विषय निघाला. एकीने विचारलं, “ही विमानं लढली किती हो?” मी म्हटलं, “अगं, त्यांचं मुख्य काम राखणीचं!” त्यावर सगळ्यांचा उत्साहच मावळला.

१ ऑक्टोबर १९७७ला गोव्यात, दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर नौदलाची ३१५ क्रमांकाची हवाई तुकडी सुरू झाली. चार इंजिनांची ही सोव्हिएत बनावटीची विमानं तासन्‌तास समुद्रावर गस्त घालायची. पाण्यात यंत्रं टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायचा, शेपटीतल्या यंत्राने तिच्या लोखंडाचा सुगावा घ्यायचा. दिवस निर्विघ्न गेला, की काम फत्ते! पण त्याची बातमी कोण छापणार?

मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना? दूध उतू गेलं नाही, मूल पडलं नाही, सासऱ्यांचं औषध चुकलं नाही, की घरचे विचारतात, “दिवसभर करतेस तरी काय?”

या राखणीलाही मोल पडतं. १ ऑक्टोबर २००२, तुकडीचा रौप्यमहोत्सव. कवायतीत दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. आतले १२ नौसैनिक गेले, खाली जमिनीवरही माणसं दगावली. सणाच्या दिवशी त्या घरांमध्ये काय झालं असेल! युद्धात गेलेल्यांची आठवण आपण काढतो, आणि ती काढायलाच हवी. पण शांततेच्या काळात पहारा देणारे गेले, तर आपण चार दिवसांत विसरतो. मला हे खटकतं.

तुकडी मात्र खचली नाही. ही विमानं पुढेही उडत राहिली आणि ३१ ऑक्टोबर २०२३ला, ४६ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली.

अशा टेहळणी विमानांवर निरीक्षक म्हणून महिला अधिकारी यायला २००९ साल उजाडलं. ऑगस्ट २०२२मध्ये पोरबंदरच्या ३१४ क्रमांकाच्या तुकडीतल्या पाचजणींनी ‘डॉर्निअर’मधून अरबी समुद्रावर पहिल्यांदाच सबकुछ महिला अशी गस्त घातली. कौतुक वाटलंच, पण मनात आलं, डोळ्यांत तेल घालून राखण करणं बायकांना जमेल का, ही शंका मुळात आलीच कशी?

आता १ ऑक्टोबरला मंडळात त्या १२ जणांसाठी दिवा लावायचं मी सुचवणार आहे. आणि घरी कुणी “आज विशेष काही घडलं नाही” म्हणालं, तर क्षणभर थांबून विचारा, कुणामुळे?