आता पाळी आपली

जुन्नर-आंबेगावात असं घर शोधून काढा, ज्यातलं कुणीच कधी मुंबईला गेलं नाही. सहजी सापडायचं नाही. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा उभा केला आणि पुढच्या कित्येक पिढ्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या पोरांनी डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन संसार केले. कुणी गिरणीत चिकटला, कुणी माथाडी झाला, कुणी भाजीच्या गाळ्यावर हिशेब लिहायला बसला. म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनूही गिरणी कामगारच. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर तो हुतात्मा झाला. डिंभे धरणाचा जलाशय आज त्याच्या नावानं ओळखला जातो.

यातल्या बहुतेकांचा जीव गावातच राहिला. मनिऑर्डरीवर विहिरी खोदल्या, भाऊ शिकले, बहिणींची लग्नं लागली. आजही गावची यात्रा आली की डबेवाला सुट्टी टाकून एसटी पकडतो, आणि देवळातल्या देणगीदारांच्या फरशीवर मुंबईकर मंडळाचं नाव वरच्या ओळीत असतं.

चीनच्या तैशान भागातली माणसंही अशीच कॅलिफोर्नियाला गेली. एकानं पुढं जायचं, मग भावाला-पुतण्याला बोलवायचं, आपल्या मुलखाच्या मंडळाचा आधार धरायचा आणि कमाई घरी धाडायची. सिएरा नेवाडाचे कडे फोडून त्यांनी रेल्वे पुढं नेली. 1869 मध्ये ती पूर्वेकडच्या रुळांना मिळाली. 13 वर्षांतच, 1882 मध्ये, अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला. तो उठायला 1943 उजाडलं.

ही गोष्ट दिवाळी अंकात सांगायचं कारण आपल्या शिवारात आहे. कुकडी प्रकल्पाचं पाणी फिरलं, ऊस, टोमॅटो, द्राक्षं आली आणि आपलीच गावं आता दुसऱ्या कुणाची तरी मुंबई झाली आहेत. पश्चिम पट्ट्यातले आदिवासी बांधव कामाच्या शोधात नारायणगावला उतरतात. दिवाळी उरकली की विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे अंधारात बाई मोळ्या बांधत असते, लेकरू बांधावर गोधडीत असतं, आणि त्याच फडात बिबट्याही असू शकतो. हंगाम सरला की कोप्या मोडतात, पण त्या लेकराची शाळा मात्र अर्ध्यावर तुटलेली असते.

आपल्या आजोबांना मुंबईत कुणी तरी पहिली पथारी टाकू दिली, म्हणून आपण इथवर आलो. आता पाळी आपली. यात्रेला वर्गणी काढतो, तशीच कोप्यांवर दिव्याची सोय, दिवसा लेकरं सांभाळायला एक खोली आणि जवळच्या शाळेत त्यांचं नाव, एवढं गावकीनं मनावर घेतलं तरी पुष्कळ झालं. आलेल्यांशी आपण कसे वागलो, याचा हिशेब पुढची पिढी मागेल.

म्हणूनच यंदाच्या अंकात डबेवाले, माथाडी आणि परदेशी गेलेल्या लेकरांच्या शेजारी ऊसतोड कामगारांनाही मानाचं पान आहे. ही दिवाळी आपल्या आणि आपल्याकडे आलेल्या प्रत्येकाच्या घरी सुखाची जावो!

— संपादक