गणतीत न मावणाऱ्या श्रमांचा जाहीरनामा

आम्ही मराठीत मुक्त ज्ञान उभे करणारी माणसे आहोत. आमच्यातले कोणी विकिपीडियावर लेख लिहितात, कोणी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात जुनी पुस्तके अक्षर अक्षर तपासतात, कोणी गावोगावची मंदिरे, पिके आणि लेणी टिपून ती छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवतात. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तेव्हापासून हे काम एकमेकांवरच्या विश्वासाच्या बळावर चालत आले आहे. आज एक यादी त्या विश्वासाला पोखरते आहे. कोणाची संपादने किती, एवढेच पाहून ती माणसांचे क्रम लावते.

विकिस्रोतावरचे एकच पान पाहा. एका बाजूला शंभर वर्षांपूर्वीच्या छापील पानाची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर. यंत्राने ‘ख’चा ‘रव’ केलेला असतो, अनुस्वार गाळलेले असतात, जोडाक्षरे मोडलेली असतात, तळटीप मधल्याच परिच्छेदात घुसलेली असते. तपासणारी व्यक्ती ओळीमागून ओळ ताडून पाहते. जुने शुद्धलेखन जसेच्या तसे राखते. चूक छापखान्याची की ती लेखकाचीच लकब, याचा निवाडा करते. मग पान लालचे (न तपासलेल्याचे) पिवळे (तपासलेले) होते आणि तिच्या खात्यात एक संपादन जमा होते. तेवढ्याच वेळात दुसरा कार्यकर्ता एखाद्या साधनाच्या मदतीने शेकडो लेखांना वर्ग जोडून मोकळा होतो. त्याचेही काम गरजेचे आहे, त्याचेही आभार. पण यादी एकाला शेकडो देते आणि दुसरीला एक, आणि हा हिशेब न्याय्य का मानावा याचे उत्तर कोणाकडेच नाही. प्रत्येक ओळीनंतर जतन करणाऱ्याची दहा संपादने होतात. घरचे आवरून, वहीत नीट मांडून, रात्री एकदाच मजकूर चढवणारीचे एकच होते. चर्चा पानावर तासभर खपून दोन भांडणाऱ्यांचा मेळ घालणारा यादीत खालीच राहतो. कार्यशाळेत दहा नवख्यांना हात धरून शिकवणारी तर यादीत दिसतही नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया साठ लाखांहून अधिक लेखांमुळे इंग्रजीच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला, पण त्यातले बहुतेक लेख एका सांगकाम्याने (बॉटने) रचलेले आहेत. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या मुक्त-सॉफ्टवेअर मोहिमेत चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदलांच्या प्रस्तावांवर, टी-शर्ट मिळत असे; २०२० साली फुटकळ बदलांचा असा लोंढा आला की प्रकल्प सांभाळणारे बेजार झाले आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २०१९ साली प्रश्नाला मिळणाऱ्या पसंतीचे गुण ५ वरून १० केले आणि तोच हिशेब जुन्या प्रश्नांनाही लावला. त्या दिवशी असंख्य लोकांची पत वाढली, त्यांच्या कामात मात्र अक्षराचाही फरक पडला नव्हता. क्रमवारी आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी ठरवते, आणि ठरवलेले बदलता येते.

राबणाऱ्यांची नावे मागे पडण्याचा हा अन्याय मराठीत जुना आहे. १८३१ सालचा मराठी-इंग्रजी कोश मोल्सवर्थच्या नावाने ओळखला जातो. त्यासाठी शब्द गोळा करणारी, अर्थ लावणारी शास्त्रीमंडळी आज किती जणांना आठवतात? तेव्हा नावे नोंदवायची सोय अपुरी होती, असे म्हणता येईल. आज प्रत्येक स्वल्पविरामामागचा हात लेखाच्या ‘इतिहास’ पानावर नोंदलेला असतो. आज ही सबब चालणार नाही.

आम्ही मानतो की तपासणे हे लिहिण्याइतकेच निर्मितीचे काम आहे. आम्ही मानतो की मोजण्याचा अधिकार ज्यांचे काम मोजले जाते त्यांचाच आहे. आम्ही मानतो की क्रमांक हा कामाचा धावता अंदाज आहे. तो कोणाच्या शब्दाचे वजन ठरवू शकत नाही. एखाद्या निर्णयासाठी कौल मांडला जाईल तेव्हा मुद्दा ऐकला जाईल, मुद्दा मांडणाऱ्याची संपादनसंख्या नव्हे. आणि आम्ही आग्रहाने मानतो की मोजणी बंद करणे हा यावरचा उपाय नाही. आकडे गेले की ओळखीपाळखी उरतात, आणि मग नवख्याला दाद मागायला जागाच राहत नाही. आम्हाला मोजणी हवी आहे, पण उघडी, वादाला खुली आणि वेळोवेळी नव्याने ठरणारी.

म्हणून आम्ही कामाला लागलो आहोत. यंत्राने किंवा साधनाने केलेली संपादने आम्ही हाताने केलेल्या संपादनांपासून वेगळी दाखवू. विकिस्रोतावर पान पिवळ्याचे हिरवे, म्हणजे दुसऱ्यांदा पडताळलेले, करायला दुसरी व्यक्ती लागतेच. पुस्तक पूर्ण होईल तेव्हा त्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव पहिलीच्या शेजारी, त्याच आकारात लागेल. लेखस्पर्धांत बक्षीस ठरवताना संदर्भ पडताळणाऱ्यांना लिहिणाऱ्यांच्या बरोबरीचा वाटा असेल. कार्यशाळेत शिकवणाऱ्यांची नोंद, त्यांची संमती घेऊन, शिकलेल्यांच्या कामासोबत राहील. प्रत्येक यादीच्या माथ्यावर तिचे सूत्र साध्या मराठीत लिहिलेले असेल, आणि ज्याला यादीत राहायचे नाही त्याचे नाव कारण न विचारता वगळले जाईल. इंग्रजी विकिपीडियाने संपादनसंख्येच्या यादीत ही मुभा केव्हाच दिली आहे. हरकत आली तर तिची सुनावणी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामूहिक चर्चेच्या पानावर, सर्वांसमक्ष होईल.

तुम्ही आजवर एकच शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली असेल, तरी तुम्ही आमच्यातले आहात. पुण्यात असा, पणजीत असा, नाहीतर न्यू जर्सीत. संगणकावर लिहा नाहीतर मोबाइलवर. सूत्रांचा पहिला मसुदा आम्ही चावडीवर मांडत आहोत. तो वाचा, त्यातली खोट काढा, तुमचे कोणते काम त्यात मोजायचे राहिले ते त्याखाली लिहा. पुढच्या स्पर्धेचे नियम त्या मसुद्यावरून ठरतील, आणि ते ठरवताना तुमचा शब्द आमच्या शब्दाइतकाच धरला जाईल.