दंड कोणाच्या खात्यावर?



पहूर-जळगाव रस्त्यावर एका व्यापारी स्नेह्यांची मोटार अतिवेगात आढळली. चालवीत होता त्यांचा मुलगा. असा दंड त्याला पूर्वीही झाला होता. प्रकरण न्यायालयात गेले. स्नेही म्हणाले, “साहेब, ड्रायव्हरचे नाव लिहून देतो. दंड मीच भरीन.”

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार हलक्या वाहनास अतिवेगाचा दंड १००० ते २००० रुपये. परंतु गुन्हा पुन्हा घडल्यास परवानाही जप्त होऊ शकतो. कलम १३३ नुसार पोलिसांनी विचारल्यास चालकाची माहिती देणे मालकास बंधनकारक आहे. मी म्हणालो, “आज हा गुन्हा त्याच्या नावे लिहिला, तर उद्याच्या लहानशा चुकीत त्याचा परवाना जाईल. परवाना हेच त्या गरिबाचे भांडवल. आणि कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार, हे आपण जाणताच.”

स्नेही निरुत्तर झाले. तारखेला मुलानेच न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल केला. दंड भरला, परवानाही काही काळ जमा झाला. सध्या तो दुकानात सायकलने जातो.

बँकेतील नोकरीने मला एवढे शिकविले : आपले नावे दुसऱ्याच्या खात्यावर टाकल्याने बेरीज जुळते, हिशेब मात्र चुकलेलाच राहतो.